अंगणातली तीन पायऱ्यांची भट्टी

२१ एप्रिल, मंगळवार

कॉट कापली! सासूबाईंची लोखंडी कॉट, मागच्या पडवीत भिंतीला उभी करून ठेवलेली. मी भाजी घेऊन येते तर सृष्टी आणि तो वेल्डर अजिनाथ ग्राइंडरने तिचे पाय उतरवताहेत, आणि ठिणग्या थेट माझ्या तुळशीवर.

"आई, अँगल बघ किती जड आहे! असं लोखंड आता मिळत नाही."

मिळत नाही तर कापायचं कशाला? विचारलं. डोळ्यांवर गॉगल, कानात ग्राइंडरचा आवाज. सोयीचं आहे.

शिवाय अंगणात आचाऱ्याच्या तीन गॅस-भट्ट्या येऊन पडल्या आहेत. राहुरीच्या कुणा केटररने धंदा गुंडाळला, त्याच्याकडून भंगाराच्या भावात उचलल्या म्हणे. तेलाचा थर, काजळी, एकीच्या जाळीत करपलेली जिलबी! ती भट्टी तशीच पोरीने अंगणातल्या चुलीपाशी आणून ठेवलेली.

हे खुर्ची टाकून बघत बसले होते. म्हटलं, तुम्ही काही बोलणार आहात का? म्हणाले, "अजिनाथचा हात सरळ चालतो."

कॉटचं दुःख नाही. त्याच कॉटवर यांना चपला काढून आडवं करायचं काम माझं असे. गेली ती कॉट तर जाऊ दे. पण विचारायचं!

२२ एप्रिल, बुधवार

आज सृष्टीला समोर उभं करून विचारलं. हे काय बांधते आहेस?

बिअर बनवायची भट्टी.

नगरला संदीपशेठ म्हणून कुणी हॉटेलवाले आहेत. तिथेच बनवून तिथेच विकायचा त्यांचा परवाना आहे. नवीन नवीन प्रकार थोड्या प्रमाणात करून बघायला त्यांना लहान भट्टी हवी. तयार मिळते ती परदेशी, भलती महाग. बाईसाहेब म्हणाल्या, मी स्वस्तात बांधून देते! चौदा मेला तिथे चालवून दाखवायची. चालली तर बिअर बनवायचं काम हिच्याकडे, रोज इथून, देवळालीहून, जाऊन-येऊन. नाही चालली तर बंगळूर.

पुण्यातल्या नोकरीत ती हेच करत होती. मी मात्र सगळ्यांना "फूड टेक्नॉलॉजी" सांगत आले. खोटं नाही. पदवी तीच आहे.

यांनी बाटली सोडली तेव्हा सृष्टी बारावीत होती. त्याआधीची वर्षं मी या वहीत लिहिली नाहीत, आताही लिहिणार नाही. "घरात थेंब नको," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून खोकल्याचं औषधसुद्धा मी लेबल वाचून आणते. आणि आता खुद्द अंगणात बिअरची भट्टी!

नको म्हणावं तर पोर बंगळूरला. हो म्हणावं तर…

शेवटी सांगितलं. भट्टी बांध, पाणी उकळ, धान्य शिजव. पण यीस्ट या उंबऱ्याच्या आत येणार नाही. यीस्टवाचून दारू होत नाही एवढं मला बी.एस्सी.ला शिकवलेलं आहे. आणि त्या शेठच्या परवान्याची प्रत आणून दाखव.

"आई, तू एक्साइजवाली आहेस का?"

हो. आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार

सांगाडा उभा झाला. तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर गरम पाण्याचं पातेलं, मधलीवर धान्याच्या भरडीचं, खालचीवर उकळायचं. पाणी आपोआप वरून खाली उतरावं, पंपाचा खर्च नको, म्हणून पायऱ्या. कल्पना बरी आहे. पण डुलतं! मी एक बोट लावलं तर सगळं मंडपाच्या खांबासारखं हललं. वर उकळतं पाणी असणार आहे, आणि खाली माझी मुलगी.

सृष्टी म्हणते, "जमीन वाकडी आहे." अजिनाथ म्हणतो, "म्याडम, फरशी बसवा." मी म्हटलं, जमीन माझ्या लग्नाआधीपासून तशीच आहे. पाठीमागे तिरक्या पट्ट्या मारा, दोन्हीकडून. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. सातवीच्या मुलांना शिकवत होते मी हे!

मारल्या. हललं नाही. धन्यवाद कुणी म्हटलं नाही.

२६ एप्रिल, रविवार

समोरच्या भीमाबाई पदराला हात पुसत आल्या. चेहऱ्यावर हसू मावेना.

"बाई, लई गुपचूप चाललंय की!"

काय गुपचूप?

"आता आमच्यापासून काय लपवायचं? भट्ट्या आल्या. अधिक लागायच्या आत उरकताय व्हय?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. आमच्या गल्लीत आचाऱ्याच्या भट्ट्या अंगणात दिसतात त्या लग्नाला, नाहीतर तेराव्याला. घरात सगळे धडधाकट दिसताहेत, म्हणजे लग्नच! आणि सतरा मेला अधिक महिना लागतो, त्यात लग्न नसतं. म्हणून घाई. सगळा हिशेब त्यांनी घरी बसून जुळवला होता.

"अजून काही ठरलेलं नाही," असं म्हणाले. शब्द न् शब्द खरा. पण भीमाबाईंनी डोळा मिचकावला न् गेल्या.

बिअर म्हटलं असतं तर? दिवे लागायच्या आत गावभर झालं असतं — बन्सीच्या घरात पुन्हा सुरू झालं म्हणून. त्यापेक्षा लग्न परवडलं.

२७ एप्रिल, सोमवार

तीन बायकांनी रस्त्यात थांबवून मुलगा काय करतो ते विचारलं.

२९ एप्रिल, बुधवार

भट्ट्यांचे पाय कापून त्या पायऱ्यांवर बोल्टने बसवल्या. एक पाइप, तीन कॉक. सिलिंडर मी निळा, धंद्याचा आणायला लावला, घरचा लाल लावू दिला नाही. त्यावर अर्धा तास वाद. "आई, एकदाच तर पेटवायचं आहे!" एकदाच म्हणूनच तर माणसं भाजतात.

पेटवलं. ज्योत पिवळी, लांबलचक. पातेल्याची बुडं दोन मिनिटांत कोळशासारखी. खालची भट्टी तर नुसतीच धुमसत होती. सृष्टी मोबाईलवर कुणा गोऱ्याचा व्हिडिओ बघून जेट बदलू पाहत होती. अजिनाथ म्हणे गॅसच भेसळीचा.

मी वाकून पाहिलं. वाऱ्याला आडोसा म्हणून यांनी तेलाचे डबे कापून पत्रे लावले होते — तेवढंच काम त्यांना दिलं होतं — आणि ते पत्रे बरोब्बर हवा आत जाण्याच्या तोंडावर! हवा नाही तर ज्योत निळी होणार कशी? पत्रे वर सरकवले. निळी झाली. खालच्या भट्टीचा पाइप बारीक होता, तो बदलावा लागला. त्यासाठी पुन्हा राहुरी.

हे म्हणाले, "मी लावलेलं होतं ते चुकलं तर."

चुकलं. पुढच्या वेळी विचारा.

नंतर पाहिलं तर त्यांनी पत्र्याच्या धारा एकेक करून आत मुडपल्या होत्या. सृष्टीचा हात कापू नये म्हणून. मघाशी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१ मे, शुक्रवार

शाळेच्या झेंडावंदनाला माजी शिक्षक म्हणून बोलावलं होतं. मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर अभिनंदन केलं. कशाचं ते विचारायची सोय नव्हती.

३ मे, रविवार

बाजरी मोड आणून गच्चीवर वाळत घातली आहे. मोड आलेल्या धान्यातच गोडी उतरते, त्याचाच रस पुढे उकळायचा. भीमाबाई गच्चीवरून ओरडल्या, "बाई! बाळाच्या सत्त्वाची तयारी? आवो, आधी लगीन तरी हू द्या पोरीचं!"

पलीकडच्या गच्चीवरच्याही हसल्या. सृष्टी त्यांच्यात सामील. मला शरमेने खाली बघावं लागलं. या वयात!

५ मे, मंगळवार

तिसगावहून राहीबाई आक्का आल्या. यांच्या थोरल्या बहीण. टेम्पोतून उतरल्या त्या दोन डबे शेवया, एक कुरडयांचा आणि हळदीच्या जात्याला बांधायची सुपारी घेऊन. मला न विचारता, कुणी न बोलावता.

"मला कुनी सांगितलं न्हाई तरी म्या येनार. भाची हाय माझी." अंगणात पायऱ्या बघून गालावर हात ठेवला. "आगं बया! रुखवताला लोखंडी मांडनी? लाकडाची भाड्यानं मिळती की गं."

आता मात्र हद्द झाली. आत नेलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं.

आक्का हळूच म्हणाल्या, "दारू? बन्सीच्या दारात?"

इथे दारू होत नाही, आक्का. गोड रस फक्त. दारू नगरला होते.

"तुजं शिक्षान तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. त्याला वास तरी येतो का न्हाई?"

पहिल्या दिवसापासून मीही तेच विचारत होते, फक्त मोठ्याने नाही.

"म्या हितंच बसते," असं म्हणून त्यांनी ओट्यावर पोतं अंथरलं. चौदा तारखेपर्यंत हलणार नाहीत म्हणतात.

८ मे, शुक्रवार

पाण्यावर चाचणी. वरून खाली पाणी उतरलं, तिन्ही भट्ट्या पेटल्या, काही डुललं नाही, गळलं नाही. सृष्टीने मला मिठी मारायचा प्रयत्न केला. तिचे हात काजळीचे, माझं पातळ पांढरं. लांब ठेवलं.

हे दुपारभर ओट्याच्या एका टोकाला, आक्का दुसऱ्या टोकाला. हे पाणी प्यायला उठले की आक्काही उठतात. "मला कैदेत ठेवलंय का?" म्हणाले. आक्का म्हणाल्या, "व्हय." दोघंही हसली नाहीत.

११ मे, सोमवार

आज खरी बाजरी. भरड गरम पाण्यात, मग रस गाळून खालच्या पातेल्यात, मग उकळी. सगळं अंगण खरपूस आणि गोड वासाने भरलं. वास आला की मी यांच्याकडे बघायची, मी बघितलं की हे दुसरीकडे बघायचे. दिवसभर हाच खेळ.

रस थंड करून सृष्टीने बंद कॅनमध्ये भरला. उद्यापर्यंत गाळ किती बसतो ते बघायचं आणि परवा ओतून टाकायचा, एवढंच. कॅन मोरीशेजारच्या खोलीत, गारव्याला ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी गोडी किती उतरली ते बघायला मी झाकण काढून थोडा चाखला. काकवीची आठवण झाली. वाईट नाही! पण सृष्टीला सांगितलं नाही, उगाच फुगेल.

१३ मे, बुधवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी मी आणि सृष्टी राहुरीला गेलो, जादा कॉक आणि वायसर आणायला. उद्या नगरला जायचं, ऐनवेळी काही गळायला नको. घरी हे आणि आक्का. परतलो तर आक्का ओट्यावर तोंड उघडं टाकून घोरत पडलेल्या. अंगणात कपडे धुवायच्या दगडावर कॅन उपडा. रिकामा. धुतलेला नाही, आतून फेसाची रेघ. नाक लावलं. आंबूस, उग्र. हा वास मला झोपेतही ओळखू येतो.

सृष्टीनेही वास घेतला. "आई, यात यीस्ट गेलंय. मी टाकलेलं नाही. शपथ!" मग माझ्याकडे बघून, "तू झाकण उघडलं होतंस?"

चाखायला.

"कशाने?"

पळीने. दुसऱ्या कशाने?

"कुठली पळी?"

आंबिलीची! परवा सकाळी आंबील ढवळून डेऱ्यावर ठेवलेली, लाकडी. आमच्याकडे ती पळी धूत नाहीत, नुसती खरवडून ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं पीठ नीट आंबतं. सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत. मी इतकी वर्षं पाळत आले. आणि तीच पळी त्या गोड रसात बुडवली! मे महिन्यातले जवळजवळ दोन दिवस, बंद कॅन. एक्साइजवालीने स्वतःच्या हाताने!

पण तो विचार नंतरचा. त्या क्षणी मी आत धावले. हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी जवळ गेले. अगदी जवळ. त्यांनी पेपर खाली केला, चष्मा काढला न् तोंड उघडलं.

"घे वास."

घेतला. चहा. चहा आणि बडीशेप, बाकी काही नाही.

"झाकण उडालं फटकन्. खोलीभर फेस. आक्काला जाग नाही आली. ओतून टाकलं शेवग्याच्या बुडाशी. कॅन धुवायचा राहिला."

मी मागच्या दाराने शेवग्यापाशी गेले. माती ओली, वर फेसाचा पापुद्रा, मुंग्यांची रांग लागलेली. हेही मागून येऊन उभे राहिले.

"मुंग्यांना विचारलंस? काय म्हणाल्या?"

मग ते म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "रोज संध्याकाळी चहाचा कप देताना तू वाकतेस ना, ते मला बाटली सोडल्याच्या पहिल्या महिन्यापासून कळतं. मीही मुद्दाम श्वास सोडतो. म्हटलं, तिचं समाधान होऊ दे. पण आज कॅन फसफसत होता, घरात कुणी जागं नव्हतं, आणि मी तो दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला. जड होता. हे तुला कोणत्या वासावरून कळणार?"

ते आत गेले.

आक्का उठून विचारतात, "काय झालं गं?" काही नाही म्हटलं. सृष्टीला सांगितलं, डेरा आणि पळी दोन्ही उकळत्या पाण्याने धू. उद्याच्या सामानाला यातला एक थेंब लागायला नको.

१४ मे, गुरुवार

सकाळी टेम्पो आला. लगेच गल्ली जमली. लोखंडी पायऱ्या, तीन चकचकीत पातेली — सृष्टीने चिंचेने घासली होती. भीमाबाई सगळ्यात पुढे. "पोरीच्या आधी रुखवत निघालं का काय? वरात कुटं उतरनार?"

मी तोंड उघडणार तोच हे पुढे झाले. एवढ्या माणसांसमोर ते शेवटचे कधी बोलले ते मला आठवत नाही.

"भीमाबाई, लगीन न्हाई. ही बिअरची भट्टी हाय. माझ्या पोरीनं बांधली. नगरला चालली, तिथं लायसन हाय."

कुणाच्या तरी घरातला मिक्सर तेवढा चालू होता.

"बिअरची," भीमाबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. "आन् तुमी?"

"मी न्हाई पीत. तुम्हाला ठाऊक हाय. मी उचलू लागतो. तिकडनं धरा की जरा, जड हाय."

भीमाबाईंनी पदर खोचला न् खरंच धरलं. मग बाकीच्यांनीही. आक्का ओट्यावरून ओरडत होत्या, "सांभाळून! पायावर पाडून घ्याल!" भीमाबाई चढवता चढवता म्हणाल्या, "पर त्या शेवयांचं काय करायचं आता?" आक्का म्हणाल्या, "खायाच्या. शेवयांना नवरदेव लागत न्हाई."

ड्रायव्हरशेजारी दोघांचीच जागा. सृष्टी आत बसली न् म्हणाली, "आई, चल ना. काही बिघडलं तर तूच हवीस." माझी पिशवी भरलेली होती. पाना, वायसर, पाण्याची बाटली, सगळं. मी ती यांच्या हातात दिली.

"तुम्ही जा."

हे माझ्याकडे बघत राहिले. "तिथं सगळीकडं तेच असणार. टाक्याच टाक्या."

माहीत आहे, म्हटलं. खालच्या भट्टीचा कॉक घट्ट आहे, तो हळू फिरवा.

१४ मे, संध्याकाळ

आले. भट्टी चालली, शेठनी काम दिलं. सोमवारपासून. सृष्टी जेवता जेवता उत्साहाने सांगायला लागली, "आई, आणि तिथे शेठनी बाबांपुढे ग्लास ठेवला, तर बाबा—"

म्हटलं, शेवया वाढ आधी त्यांना.

चहा यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. वाकले नाही.